हुकूमशहाशी बोलायचं का? तुम्ही विचारलंत म्हणून

“बाई, तुमचा सख्खा भाऊ फौजेत होता, आणि तुम्हीच म्हणताय शेजारच्या हुकूमशहाशी बोलणी करा?”

हे मला पुष्कळांनी विचारलंय. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं विचारायची. मी निवृत्त झाले, मुलं मोठी झाली, आता तीच खळ्यावर नाहीतर लग्नाच्या मांडवात गाठून विचारतात. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात फौजेत कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच. त्यामुळं विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो, आणि तो मला समजतो.

माझं उत्तर ‘होय, बोलावं’ असंच आहे. ते का, ते सांगायचं तर आईच्या एका फोनपासून सांगावं लागेल.

२००३ साली भाऊ जम्मू-काश्मीरात, नियंत्रण रेषेजवळ पूंछकडं होता. घरी फोन नव्हता. गल्लीतल्या किराणा दुकानात यायचा, आणि दुकानदाराचा पोरगा पळत बोलवायला यायचा. नोव्हेंबरच्या अखेरीस असाच आला. आई पिठाचे हात तसेच घेऊन निघाली, मीही मागनं गेले. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, “आणि आजवर कुठं घालत होतास रे?”

बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली, “कपडे धुऊन बाहेर उन्हात वाळत घातलेत म्हणतोय.” एवढंच सांगायला त्यानं फोन केला होता. त्याआधी चौकीवर कपडे बंकरातच दोरीला लटकायचे, दोन-दोन दिवस ओले. दिवसा डोकं वर काढायची सोय नव्हती. पाणी आणायचं ते अंधार पडल्यावर. हे त्यानं कधी कळवलंच नव्हतं. आई घरी आली आणि आमच्या अंगणातल्या दोरीकडं बघत कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून राहिली.

२५ नोव्हेंबर २००३ च्या मध्यरात्रीपासून नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी लागू झाली होती. दुसऱ्या दिवशी ईद होती. पाकिस्तानात पंतप्रधान जमाली होते, पण सत्ता जनरल मुशर्रफ यांच्या हातात. म्हणजे, फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसनं लाहोरला गेले, तेव्हा कारगिलच्या शिखरांवर माणसं चढवणारे लष्करप्रमुख तेच. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथलं निवडून आलेलं सरकार उलथवणारेही तेच. अशा माणसाशी बोलावं लागलं याची चीड मला तेव्हाही होती, आजही आहे. पण पलीकडच्या तोफा थांबवायचा हुकूम तोच देऊ शकत होता. तिथल्या कितीही भल्या माणसाशी बोलून भावाचे कपडे वाळले नसते.

अशा बोलण्यानं हुकूमशहाच मोठा होतो, असंही तुम्ही म्हणता. ते मला मान्य आहे. लोकशाहीनं हात पुढं केला की हुकूमशहाला मान मिळतो, तो आणखी घट्ट बसतो. वाजपेयी-मुशर्रफ यांच्या आग्र्याच्या बैठकीचंच बघा. आपलं आमंत्रण मे २००१ मध्ये गेलं, आणि २० जूनला मुशर्रफ यांनी स्वतःला राष्ट्राध्यक्ष करून घेतलं. जुलैमध्ये ते आले ते राष्ट्रप्रमुख म्हणून. संपादकांबरोबरचा नाश्ता टीव्हीवर दाखवला गेला, आणि संयुक्त निवेदनाचा कागदही न निघता सगळं संपलं. ती घाई होती, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यासमोर कुणाला मोठेपण द्यायला बोलावू नये. २००३ मध्ये गाजावाजा नव्हता, आणि तेच काम टिकलं. पुढं ती शस्त्रसंधी वारंवार मोडली हे खरं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना ती पुन्हा नव्यानं कबूल करावी लागली. पण मधली जी वर्षं शांत गेली, त्यात किती घरची पोरं सुट्टीला धडधाकट आली, ते आमच्या गावाला विचारा.

सिंधू पाणी करारही असाच. १९६० मध्ये कराचीत नेहरूंच्या सहीशेजारी सही आहे ती अयुब खान यांची, दोन वर्षांपूर्वी लष्कराच्या जोरावर सत्ता घेतलेल्या माणसाची. तो करार १९६५, १९७१ आणि कारगिल अशी तीन युद्धं ओलांडून टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये भारतानं तो स्थगित केला. इकडं आमच्या कणकुंबीकडच्या पाण्यावरून एकाच देशातल्या कर्नाटक आणि गोव्याला लवादाकडं जावं लागलं. पाण्याची वाटणी किती अवघड असते हे खानापूर तालुक्याला सांगायला नको.

मात्र नुसतं राज्यकर्त्यांशी बोलून भागत नाही, आणि इथं मला आपल्या सरकारांचं सगळंच पटत नाही. म्यानमारमध्ये १९८८ च्या उठावात भारत उघडपणे लोकशाहीवाल्यांच्या बाजूनं होता. पण ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ पलीकडच्या जंगलात, आणि सीमा १,६४३ किलोमीटरची. त्यामुळं काही वर्षांतच लष्करशहांशी जुळवून घेणं भाग पडलं. तिथवर ठीक. पण १ फेब्रुवारी २०२१ ला तिथं पुन्हा लष्करानं सत्ता बळकावली, तिथल्या चिन जमातीचे लोक जीव घेऊन मिझोराममध्ये आले, तेव्हा दिल्लीनं सीमेवरच्या राज्यांना त्यांना आत घेऊ नका असं कळवलं. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, की ही आमच्याच रक्ताची माणसं आहेत. मिझोरामनं त्यांना थारा दिला. मला झोरामथांगांचं पटलं. आम्ही कर्नाटकात, आणि आमचे अर्धे सोयरे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला. मधनं रेघ गेली म्हणून मावशी परकी होत नाही, हे आम्हाला १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ठाऊक आहे. २०२१ च्याच डिसेंबरात आपले परराष्ट्र सचिव म्यानमारच्या लष्करप्रमुखांना भेटले, तेव्हा त्यांनी कैदेतल्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान स्यू ची यांनाही भेटू द्या अशी मागणी केली. भेट नाकारली गेली, पण मागणी झाली याला मी फार महत्त्व देते. हुकूमशहासमोर बसून त्यानं कोंडलेल्या माणसाचं नाव घेता आलं पाहिजे.

रेघेजवळ राहणाऱ्याला बोलणं थांबल्याचा चटका आधी लागतो. आमच्याकडं तर दोन्ही बाजूला निवडून आलेली सरकारं आहेत. तरी डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला आणि महाराष्ट्राच्या एसट्या बंद झाल्या, तेव्हा कोल्हापूरच्या दवाखान्यात जाणारी माणसं स्टँडवर ताटकळली. मग दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना एकत्र बसावंच लागलं. सीमाप्रश्न त्यानं सुटला नाही. पण निदान बोलणं सुरू झालं.

२०२५ च्या मे महिन्यात पूंछ शहरावर तोफगोळे पडत होते. भाऊ तीन दिवस टीव्हीसमोरनं हलला नाही. पडलेली घरं दाखवली की गल्ली ओळखायचा, “ह्या वळणावर चहा प्यायचो,” म्हणायचा. १० मेला संध्याकाळी बातमी आली, की दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी तिकडच्या डीजीएमओंचा, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांचा, आपल्या डीजीएमओंना फोन आला आणि गोळीबार थांबवायचं ठरलं. कुणी तरी म्हणालं, त्यांच्या फोनवर कसला भरवसा? भाऊ काही बोलला नाही. त्यानं टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा शेताकडं गेला.