बक्षीस माझं, टीडीएस भलत्याच्या नावावर

गोव्याहून पोकर खेळून आलो की फाउंड्रीतले सगळे एकच विचारतात, "किती मारलंस?" मी १,८६,००० म्हणतो आणि विषय बदलतो. त्यापुढचं कुणाला ऐकायचं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

मी कोल्हापूरचा, शिरोलीत नोकरी. आपल्याकडे कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे टेबलावर बसून पोकर खेळायचं तर आंबोली घाट उतरून पणजी गाठायची, मांडवीच्या जेट्टीवरून छोट्या होडीने मोठ्या बोटीवर जायचं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात चार फेऱ्या झाल्या. प्रवेश फी २५,०००, बाद झालं की पुन्हा फी भरून बसता येतं. असं करत सात वेळा भरली. एकूण १,७५,०००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या तीन फेऱ्यांत हाती काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीतला एक हात, म्हणजे पोकरचा डाव, अजून झोपेत दिसतो. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची, दोघांचे सगळे चिप्स मध्ये. शेवटचं पान उलटायचं बाकी, न दिसलेल्या ४४ पानांत त्याला वाचवणारे राजे फक्त दोन. चौकटचा राजा आला. मी उठलो, काउंटरवर गेलो आणि रागात आणखी २५,००० भरले. रागात भरू नका. निदान डेकवर जाऊन वारा खाऊन या.

डिसेंबरात जमलं. २१२ एंट्र्या, बक्षीस पहिल्या २७ जणांना. अठ्ठावीस उरले की प्रत्येक टेबल आपला हात संपवून दुसऱ्यासाठी थांबतं. एका हाताला कधी दहा मिनिटं जातात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. माझ्याकडे जेमतेम नऊ बिग ब्लाइंड (डावाआधी लावावी लागणारी मोठी सक्तीची रक्कम), म्हणजे फार थोडे चिप्स होते. गुलामांची जोडी आली आणि मी ती टाकून दिली. चांगला खेळाडू टाकणार नाही, मी टाकली. पलीकडच्या टेबलावर एकजण बाद झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. तिथून पानं येत गेली आणि पहाटे तीनला मी सातवा आलो. बक्षीस तेच, १,८६,०००.

आता खरी गोष्ट. पेआउटच्या खिडकीत पॅन कार्ड दिलं. मुलीने नंबर टाइप केला, पावती छापली, "सर, सही." केली. ३० टक्के टीडीएस, म्हणजे ५५,८०० कापून १,३०,२०० दोन दिवसांत बँकेत आले. इथपर्यंत काम चोख.

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या टीडीएसचं विवरण कापणाऱ्याने ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं आणि आपल्याला फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, १५ फेब्रुवारीपर्यंत मिळायला हवा. फेब्रुवारी संपला. माझ्या २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) पगाराचा टीडीएस होता, बँकेच्या व्याजाचा होता, हा नव्हता. फोन केला. "सर, आमच्याकडून भरलंय." मार्चमध्ये दोन मेल टाकले, उत्तर नाही. एप्रिलमध्ये अकाउंट्सवाले साहेब रजेवर. एकदा फोन बाजूला ठेवून कुणीतरी कुणाला तरी म्हणालं ते स्पष्ट ऐकू आलं, "फाल्यां जातलें." उद्या होईल. तो उद्या मेपर्यंत आला नाही.

मग स्वतः गेलो. जेट्टीवरचा सुरक्षारक्षक म्हणाला, बोटीवर जायचं तर एंट्री पॅकेज घ्या. मी म्हटलं, खेळायला नाही, माझेच पैसे विचारायला आलोय. तो म्हणाला, तरी पॅकेज लागेल. अर्ध्या तासाने कळलं की अकाउंट्स बोटीवर नाहीच, गावात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे दोन तास बसवून ठेवलं आणि शेवटी एका मुलाने १६ए छापून हातात दिला. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, नाव भलत्याच माणसाचं.

माझ्या पॅनमधले दोन आकडे उलटसुलट टाइप झाले होते आणि तो नंबर खरोखर कुणाचा तरी होता. पाकिटातून डिसेंबरची पावती काढून पाहिली. तिच्यावरही तोच चुकीचा नंबर आणि खाली माझी सही. समोरच्याने तीन हातांपूर्वी किती चिप्स लावले होते हे सांगणारा मी, दहा अक्षरं वाचली नव्हती. पण म्हणून तीन महिने "भरलंय, भरलंय" ऐकवायचं? त्या दुसऱ्या गृहस्थांच्या खात्यावर जुगारातले १,८६,००० दिसत असतील. ते कदाचित आयुष्यात बोटीवर चढले नसतील. घरी काय झालं असेल देव जाणे.

दुरुस्ती फक्त टीडीएस कापणाराच करू शकतो, सुधारित विवरण भरून. आपण आयकर खात्याकडे कितीही रडा. अर्ज, पॅनची प्रत, बँकेचं स्टेटमेंट असं सगळं देऊन पोच घेतली. पोच घ्याच. मग दर सोमवारी फोन. २४ जुलैला २६एएसमध्ये ओळ उगवली, तेव्हा मी शॉप फ्लोअरवर ओरडलो. सातव्या नंबरालाही एवढा आनंद झाला नव्हता. २९ तारखेला रिटर्न भरलं, मुदत ३१ ची होती. पगारदारांनो, नेहमीचा आयटीआर-१ इथे चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

तेव्हाच सीएंनी आणखी एक गंमत सांगितली. त्यांना म्हटलं, १,७५,००० फी गेली, ती वजा करा. ते हसले. जिंकलेल्या रकमेतून खर्च वजा होत नाही, हरलेले पैसेही नाहीत. ३० टक्क्यांवर ४ टक्के सेस, म्हणजे आणखी २,२३२ भरा. एकूण कर ५८,०३२. हातात राहिले १,२७,९६८, भरलेली फी १,७५,०००. म्हणजे ज्या वर्षी मी "जिंकलो" त्या वर्षी ४७,०३२ चा खड्डा, एसटी आणि लॉज वेगळे. बायकोला यातला फक्त १,८६,००० हाच आकडा माहीत आहे.

अरे हो, जॅकेट न्या. बोटीवरचा एसी पहाटे हाडं गोठवतो आणि कुडकुडताना हात थरथरला की समोरच्याला वाटतं तुमच्याकडे एक्के आहेत. मला एकदा त्याचा फायदा झाला होता, ते जाऊ दे.