दुभाजकातली ज्वारी

पालख्या पुण्यात मुक्कामाला असल्या की नाना पेठ आणि भवानी पेठ ओळखू येत नाहीत. माऊलींची पालखी पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची निवडुंग्या विठोबाच्या देवळात, आणि आजूबाजूच्या शाळा, वाडे, गोदामं वारकऱ्यांनी भरलेली. शटरला दोऱ्या बांधून धोतरं आणि लुगडी वाळत घातलेली. फूटपाथवर न्हावी ओळीने बसलेले, दाढी-कटिंगचे पैसे घेत नाहीत. चपला शिवून देणारेही घेत नाहीत. एका गोदामाच्या दारात फळीवर प्लग ठोकून मोबाईल चार्जिंगला लावले होते, आणि दिंडीतला एक मुलगा प्रत्येक मोबाईलला रबरबँडने चिठ्ठी अडकवत होता. चिठ्ठीवर माणसाचं नाव नव्हतं, गावाचं होतं. "नाव लिहिलं तर प्रत्येक दिंडीत चार-पाच विठ्ठल निघत्यात," तो म्हणाला.

एकादशीला पहाटे पालखी सासवडकडे निघाली. सुमारे 30 किलोमीटरची वाट, दिवेघाटाची चढण, आणि त्यात उपवास. मी जिंतूरकडच्या एका दिंडीत चालत होते. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागे तुळस घेतलेल्या बाया. माझ्या शेजारच्या आजींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन होतं. मान ताठ, पण नजर सारखी खाली, रस्त्यावर.

हडपसरचा रस्ता माझा रोजचा. सिग्नल, उड्डाणपूल, बसथांबा, यापलीकडे त्यात काही पाहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. आजी मात्र मध्येच थांबल्या. तुळस दुसऱ्या बाईच्या डोक्यावर दिली आणि दुभाजकाशी वाकल्या.

"ह्ये बघ बाई, ज्वारी."

मला ते गवत वाटलं होतं. वीतभर उंचीची, पोपटी पात्यांची रोपं, सिमेंटच्या कडेला मातीत ओळीने उगवलेली. आजींनी एक अलगद उपटलं आणि मुळं माझ्यासमोर धरली. पांढऱ्या मुळांच्या वर दाण्याचं रिकामं टरफल अजून चिकटलेलं होतं. "दाना बघितला की कळतं. मक्याचा मोठा असतो, चापट. ट्रकातून सांडली असंल." मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्याकडं अजून पेरणी न्हाई. पावसाची वाट बघतोय. अन् इथं कुणी पेरली न्हाई, तरी आली."

त्यांनी रोप पुन्हा मातीत खोचलं, अंगठ्याने भोवतीची माती दाबली, आणि आजूबाजूला शेळी तर नाही ना ते पाहिलं. कोवळी ज्वारी जनावराला बाधते. गावापासून इतक्या लांब, भर रस्त्यात, कुणाच्या तरी शेळीची काळजी त्यांना वाटली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

गाडीतळाला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबा लोणी काळभोरकडे, माऊली सासवडकडे. तिथून पुढे मीही बघत चालले. टाळकऱ्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, टाळाची दोरी काचू नये म्हणून. बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या कपाळावर बुक्का होता. फुरसुंगीजवळ एक शाळकरी मुलगी प्रत्येकाला एकच शेंगदाण्याचा लाडू देत होती आणि प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या, आणि वळणावरून खाली मस्तानी तलाव दिसला तेव्हा पुढच्या दिंडीने अभंगाची चाल बदलली, जलद घेतली. पाय आपोआप उचलले जाऊ लागले.

सासवडच्या तळावर संध्याकाळी समाज आरती झाली. माऊलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसवणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली शिस्त इथे दिसते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, शेकडो टाळ एकाच वेळी वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार हातातला दंड उंचावतो आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन विचारपूस करतात, निवाडा देतात. भाषण नाही, अर्ज नाही. टाळ थांबवला नाही, एवढीच खूण. हजारो अनोळखी माणसांचं गाव रोज नव्या माळावर वसतं आणि त्याचा कारभार असा चालतो, हे पाहायला तरी प्रत्येकाने एकदा या तळावर उभं राहावं.

त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारलं गेलं. चष्मा, पिशवी, एक पाकीट. ज्याला जे सापडलं ते त्याने आणून दिलेलं.

आरती झाल्यावर आजी राहुटीपाशी पाय चोळत बसल्या होत्या. मी निरोप घ्यायला गेले तर म्हणाल्या, "अगं, जेजुरीपर्यंत तरी चल. पालखीवर भंडारा उधळत्यात, डोळ्यानं बघ." मी ऑफिसला फोन करून रजा वाढवून घेतली.