चिकमगळूरच्या मळ्यांत: अरेबिका जवळून बघायची असेल तर

चिकमगळूरला मळ्यात राहायला जाणारे ढिगाने आहेत. पण अरेबिका हा कॉफीचा प्रकार वाढवतात कसा हे बघायचं असेल तर बेत वेगळा आखावा लागतो. होमस्टेवाले सकाळी अर्धा तास फिरवून आणतात, मिरीचे वेल दिसतात, फोटो होतात, संपलं. माझ्या मित्राची चिखलदऱ्याकडे थोडी जमीन आहे. तिथे कॉफी होतेच, मग स्पेशालिटी दर्जाची, म्हणजे चवीवर निवडली जाणारी, का होऊ नये, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. त्यापायी आम्ही बाबा बुदनगिरीच्या उतारांवरचे मळे पालथे घातले.

अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. डिसेंबरात गेलात तर झाडावर लाल फळं, चालू पल्पर (फळांची साल काढणारं यंत्र) आणि यार्डात पसरलेलं वाळवण, सगळं एकदम बघायला मिळतं. फुलोऱ्याची हौस असेल तर मार्च-एप्रिल, पण तो तारीख देऊन येत नाही. वळवाची चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांनी डोंगर पांढरा होतो आणि तीन-चार दिवसांत फुलं सुकतात. पावसाळ्यात जळवा असतात, एवढं सांगितलं की पुरे. मिरज-हुबळी मार्गाने बेंगळुरूकडे जाणाऱ्या गाडीने कडूरला उतरा, पुढे रस्त्याने चाळीसेक किलोमीटर.

मळे खाजगी आहेत, परवानगी आधीच घ्या. आणि सकाळी जा. तोडणीच्या दिवसांत दुपारनंतर फळांची मापं सुरू होतात, तेव्हा तुमच्याशी बोलायला कोणी रिकामं नसतं. मालक भेटला नाही तरी मळ्याचा रायटर (हिशेबनीस) किंवा मेस्त्री (मजुरांचा मुकादम) भेटेल असं बघा. झाडांची खरी खबर त्यांच्याकडे असते. थोडं कन्नड येणारा सोबत असला तर सोनंच. हत्तींचा वावर आहे का, हेही विचारून ठेवा. एकट्याने आत शिरू नये.

आता जातींबद्दल. इथे सर्वांत जास्त दिसते ती एस. ७९५. एस. २८८ आणि केंट यांच्या संकरातून झालेली, १९४० च्या दशकात मळ्यांत आलेली उंच जात. एस. २८८ मध्ये लायबेरिका या कॉफीच्या वेगळ्या प्रकाराचा अंश आहे. केंट ही याच भागातल्या त्या नावाच्या मळेवाल्याने तांबेऱ्याला टिकते म्हणून निवडलेली. चंद्रगिरी २००७ साली आली. बुटकी, दाट, दाणा जाड, त्यामुळे नव्या लागवडीत लोक तिच्याकडे वळतात. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाचं रक्त आहे आणि कपात ते जाणवतं, माझी आवडती तीच. गेशाचं नाव मात्र प्रत्येक पाहुणा काढतो. २००४ साली पनामाच्या स्पर्धेत ती गाजली तेव्हापासून ही हवा आहे. माझ्या मते आपल्याकडे नव्याने लावणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. नाजूक जात, उत्पन्न कमी.

जातीपेक्षा मोठा प्रश्न खोडकिड्याचा. पांढरा खोडकिडा हा अरेबिकाचा वैरी, रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला तो सहसा जात नाही. एका मेस्त्रीने आम्हाला झाड कसं तपासायचं ते दाखवलं. खोडावरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवायचा. साल कुठे कंगोऱ्यासारखी उचललेली लागली की आत अळी आहे. बाहेर भोक दिसत नाही. त्याने ते खोड कोयत्याने उभं चिरलं तेव्हा आतला बोगदा भुशाने इतका गच्च भरलेला होता की पटकन लाकूडच वाटावं. असं झाड उपटून जाळायचं, दुसरा इलाज नाही. भुंगेरे एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर बाहेर पडतात, सालीच्या भेगांत अंडी घालतात, आणि त्यांना उन्हातलं खोड आवडतं. म्हणून खोडाची सुटी साल घासून काढतात, आणि म्हणूनच वर सावली राखतात: खाली पांगारा, वर सिल्व्हर ओक, फणस, वड-उंबराच्या जातीची झाडं. मळा बघताना कॉफीच्या आधी मान वर करून सावली बघा. उन्हाचे मोठे कवडसे जमिनीवर पडत असतील तर तिथलं खोड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उंचीचा फरक यार्डात कळतो. हजार मीटरवरची आणि तेराशेवरची एस. ७९५ शेजारी ठेवलेली होती. वरची फळं थंडीमुळे सावकाश पिकतात, दाणा घट्ट होतो. पण वरच्या मळ्यात हिरवी-पिवळी फळं सरमिसळ तोडली तर त्या उंचीचा काही उपयोग नाही. पल्परजवळ उभं राहून तोडीच्या पोत्यात हात घाला, लाल किती ते दिसतंच. धुतलेल्या कॉफीत, म्हणजे साल काढून, आंबवून मग धुतात त्या कॉफीत, आंबवण संपलं हे ओळखायची खूण मला फार आवडली: पार्चमेंट (टरफलासकट दाणे) मुठीत चोळायचं, बुळबुळीतपणा जाऊन खडे घासल्यासारखा आवाज आला की धुवायला घ्यायचं. घड्याळ बघून हे ठरत नाही, थंडीत जास्त वेळ लागतो.

लावायचा विचार असणाऱ्यांनी बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेत जाऊन यावं. १९२५ पासूनची ही संस्था, भेटीची वेळ आधी ठरवून घ्या. कोणाच्या मळ्यातून बी मागून आणू नका. अरेबिकाचं परागीभवन मुख्यतः स्वतःचं स्वतःच होतं हे खरं, पण संकरित जातींची पुढची पिढी एकसारखी निघेलच असं नाही. शिवाय बी फार दिवस टिकत नाही. रोपं लावल्यावर तीन-चार वर्षांनी पहिलं पीक. तोवर सावलीची झाडं आणि मिरी सांभाळायची.

गावात कॉफी विकत घेताना 'प्लांटेशन ए' बघून भुलू नका. 'प्लांटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका आणि पुढचं अक्षर दाण्याच्या आकाराचं, चवीचं त्यात काही नाही. न धुता वाळवलेली ती 'चेरी'. दुकानदाराला भाजल्याची तारीख विचारा, चिकोरी घातलेली नको म्हणून स्पष्ट सांगा आणि अख्खे दाणे घ्या, कारण दळलेल्या पुड्याचा वास मिरजेपर्यंतही टिकत नाही.