आता वेळ तुमचा

अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक अँडी रीड पत्रकार परिषदेला आला की आधी दुखापतींची यादी वाचून दाखवतो. अमक्याचा गुडघा, तमक्याचा घोटा, आणखी कुणाची मांडी. आवाजात चढ नाही, उतार नाही. यादी संपली की जाड मिशीतून एक वाक्य येतं, ‘आता वेळ तुमचा.’ म्हणजे विचारा काय विचारायचं ते. फिलाडेल्फियाच्या पत्रकारांनी हे वाक्य चौदा हंगाम ऐकलं. या माणसाला वेळच सांभाळता येत नाही, हीच त्यांची मुख्य तक्रार होती, हे लक्षात घेतलं तर त्यातली गंमत कळते.

अमेरिकन फुटबॉल हा पायानं कमी आणि घड्याळानं जास्त खेळायचा खेळ आहे. कागदावर साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तासांच्या वर जाणारा. पास खाली पडला की घड्याळ थांबतं. चेंडू घेऊन पळणारा मैदानाच्या आत आडवा झाला की ते चालूच राहतं. प्रत्येक अर्ध्या डावात तीन टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायची मुभा, मिळतात, ते कंजूस माणसानं नोटा मोजाव्यात तसे वापरायचे असतात. शेवटच्या पाच मिनिटांत मागे असलेल्या संघानं अक्षरशः धावत सुटायचं, हा नियम शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो.

फेब्रुवारी २००५. जॅक्सनव्हिलला सुपर बोल, म्हणजे एनएफएल या लीगचा अंतिम सामना. आपल्याकडे सोमवारची पहाट उलटून ऑफिसला निघायची वेळ झालेली. रीडचा फिलाडेल्फिया ईगल्स संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध १४-२४ असा मागे. शिल्लक पाच मिनिटं चाळीस सेकंद. दहा गुण मागे म्हणजे एकदा नाही, दोनदा गुण मिळवायला हवेत. आणि ईगल्स काय करतात? घोळका करून उभे राहतात, सल्लामसलत करतात, चालत जागेवर येतात, एक चाल खेळतात, पुन्हा घोळका. टचडाउन झालं खरं, पण त्यात जवळजवळ चार मिनिटं गेली. २१-२४ वर सामना संपला. माझा आतेभाऊ तेव्हापासून न्यू जर्सीत, फिलाडेल्फियाच्या पुलापलीकडे राहतो. त्या चार मिनिटांचा विषय निघाला की आजही त्याचा आवाज वाढतो. ‘अरे, घाई नावाचा प्रकार माणसाला असतो की नाही?’

रीडला तो नव्हता. १९९९ साली तो ईगल्समध्ये आला तेव्हा संघ आदल्या हंगामात १६ पैकी ३ सामने जिंकलेला. रीड ग्रीन बेच्या संघात सहायक होता, संपूर्ण आक्रमणाची जबाबदारीसुद्धा कधी त्याच्याकडे नव्हती. मुलाखतीला मात्र वर्षानुवर्षं केलेल्या टिपणांची जाडजूड फाइल घेऊन गेला आणि मालक जेफ्री लुरी यांच्यावर तिची छाप पडली. पहिल्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्यानं डोनोव्हन मॅकनॅब या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्याला, निवडलं, तर न्यूयॉर्कपर्यंत गेलेल्या फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी भर सभागृहात हुर्यो उडवली. त्याच मॅकनॅबला घेऊन संघ २००१ ते २००४ सलग चार वर्षं कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधल्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यात पोचला, २००८च्या हंगामात पाचव्यांदा. पाचांतला एक जिंकला. त्यातले दोन पराभव घरच्या मैदानावरचे. मधली सगळी जिंकण्याची वर्षं कुणाच्या हिशेबातच नाहीत. दारापर्यंत येऊन परत जाणाऱ्याचा राग जास्त येतो, कधीच न येणाऱ्याचा येत नाही.

२०१२ हे वर्ष त्याच्यासाठी सगळ्याच अर्थांनी वाईट होतं. ऑगस्टमध्ये, हंगामपूर्व शिबिर चालू असताना, त्याचा थोरला मुलगा शिबिराच्या वसतिगृहात मृतावस्थेत सापडला. व्यसनाशी त्याची लढाई जुनी होती. रीड त्याच आठवड्यात परत मैदानाच्या कडेला उभा राहिला. यावर लोकांनी खूप काही लिहिलं. मला त्यावर मत देण्याचा हक्क वाटत नाही.

हंगाम ४ विजय, १२ पराभवांवर संपला. शेवटचा सामना ७-४२ असा हरला. दुसऱ्या दिवशी ३१ डिसेंबर, सोमवार. या लीगमध्ये साखळी सामने संपल्यानंतरच्या सोमवारला ‘ब्लॅक मंडे’च म्हणतात, कारण प्रशिक्षकांना नारळ द्यायचा तो दिवस. त्या एका दिवसात रीडसह सात जणांना मिळाला. शिकागोच्या लव्ही स्मिथनं तर १६ पैकी १० सामने जिंकले होते, तरी गेला. रीडनं ईगल्सच्या कर्मचाऱ्यांसमोर निरोपाचे चार शब्द बोलले आणि ते सगळे उठून टाळ्या वाजवत राहिले. घालवणाऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात असे निरोप आपल्याकडच्या कचेऱ्यांतही पाहिले आहेत, पण तिथं शाल आणि श्रीफळ असतं आणि माणूस अठ्ठावन्न वर्षांचा असतो.

त्याच सोमवारी कॅन्सस सिटी चीफ्सनंही आपल्या प्रशिक्षकाला घरी पाठवलं होतं. १६ पैकी २ विजय. आठवडा संपायच्या आत त्या खुर्चीवर रीड बसलेला. इतक्या लवकर कुणी सावरतं का? कुणी म्हणेल, सावरायला वेळ घ्यायला हवा होता. पण ज्याला घाई येत नाही त्यानं आयुष्यात एकदाच घाई केली ती इथं, असं आतेभावाचं म्हणणं.

धडपडलेल्या माणसाची गोष्ट सांगताना आपल्याला एक चाल फार आवडते: पडला, शिकला, सुधारला, जिंकला. रीडच्या बाबतीत ती मला पटत नाही. तो फारसा सुधारलाच नाही. त्याच्या हातातलं लॅमिनेट केलेलं भलंमोठं कार्ड, उडुपी हॉटेलातल्या मेनूकार्डाएवढं, तेच राहिलं. ओठांवरून चाल ओळखू नये म्हणून ते तोंडासमोर धरून पुटपुटायची सवय तीच राहिली. बदललं ते भोवतालचं. फिलाडेल्फियात प्रशिक्षकपदाबरोबर खेळाडूंच्या भरतीचा शेवटचा शब्दही त्याचाच होता. कॅन्सस सिटीत ते काम जनरल मॅनेजर जॉन डॉर्सीकडे गेलं आणि रीडकडे फक्त फळा आणि मैदान उरलं. ही बढती नव्हती, पण त्याच्या पथ्यावर पडली.

चीफ्सनं पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. सप्टेंबर २०१३ मध्ये तो फिलाडेल्फियातच पाहुणा संघ घेऊन गेला; लोकांनी आधी उभं राहून स्वागत केलं, मग सवयीप्रमाणे आरडाओरडा केला, आणि तो २६-१६ जिंकून गेला. एवढं सगळं करून बाद फेरीत काय? इंडियानापोलिसविरुद्ध ३८-१० अशी आघाडी घेऊन ४४-४५ हरला. अठ्ठावीस गुणांची आघाडी! माणूस बदलला, शहाणा झाला वगैरे लिहायला बसलेल्यांच्या लेखण्या तिथंच थांबल्या असतील.

त्याच्या संथपणाची दुसरी बाजू दिसायला २०१७ उजाडावं लागलं. ड्राफ्टमध्ये सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारून चीफ्सनं पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकला घेतलं. एवढी किंमत मोजून आणलेल्या पोराला दुसरा कुणीही लगेच मैदानात ढकलला असता. रीडनं त्याला आधीच्याच क्वार्टरबॅकच्या, अ‍ॅलेक्स स्मिथच्या, मागे बसवलं. अख्ख्या हंगामात एक सामना दिला, तोही शेवटचा, निकालाला महत्त्व नसलेला. बाकी वर्षभर बघ, ऐक, शिक. २००५ मध्ये चार मिनिटं घालवणारा आणि हा वर्षभर थांबणारा माणूस एकच आहे. एकाला आपण दोष म्हटलं, दुसऱ्याला दूरदृष्टी.

पुढच्या वर्षी माहोम्स आला आणि लीग हादरली. तरी जानेवारी २०१९ मध्ये सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे पेट्रियट्स पुन्हा आडवे आले. विजय पक्का करणारा झेल चीफ्सनं पकडला होता, पण त्यांच्याच एका खेळाडूचं डोकं रेषेच्या बोटभर पुढे होतं म्हणून तो रद्द झाला. जादा वेळेत नाणेफेक हरले आणि माहोम्सच्या हातात चेंडू आलाच नाही. ३१-३७. रीडनं वेळ सांभाळला असता तरी इथं उपयोग नव्हता, हे आतेभावालाही मान्य करावं लागलं. जड मनानं.

मग २ फेब्रुवारी २०२०, मायामीत सुपर बोल. चौथा टप्पा, सॅन फ्रान्सिस्को २०-१० पुढे, सात मिनिटं तेरा सेकंद शिल्लक. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. इथं तिसरा प्रयत्न आणि पंधरा यार्ड बाकी. माहोम्स कडेला येऊन विचारतो, ‘वॉस्प’ला वेळ आहे का? वॉस्प ही त्यांची लांब पासची चाल, ती फुलायला वेळ लागतो, तोवर समोरचे अंगावर येतात. चाल दिली गेली. माहोम्स मागे मागे गेला, आणखी मागे, आणि चीफ्सचा टायरिक हिल चव्वेचाळीस यार्डांवर एकटा उभा. तिथून सलग एकवीस गुण, ३१-२०. मुख्य प्रशिक्षक म्हणून एकविसाव्या हंगामात पहिला सुपर बोल. आता काय करणार, असं विचारल्यावर रीडनं मोठ्ठा चीजबर्गर खाणार असल्याचं जाहीर केलं, बहुधा डबल.

२०२३च्या सुपर बोलमध्ये त्यानं ईगल्सलाच ३८-३५ हरवलं, २०२४ मध्ये पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनं ४०-२२ असं उट्टं काढलं, आणि त्यांचा प्रशिक्षक होता निक सिरियानी. हा सिरियानी २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत सहायक होता. जानेवारी २०१३ मध्ये नवा साहेब आला, त्याच्याकडे त्या कामासाठी आपला माणूस तयार होता, म्हणून सिरियानीला घरी जावं लागलं. नवा साहेब अर्थातच रीड, ज्याला स्वतःला नारळ मिळून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. हा तपशील कळल्यावर आतेभाऊ इतका खूश झाला, की त्यानं मला न्यू जर्सीतल्या मध्यरात्री फोन केला.

२०२५च्या हंगामात माहोम्सचा गुडघा गेला, चीफ्स ६ जिंकले, ११ हरले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा बाद फेरीबाहेर राहिले. रीडला काढा, असं कॅन्सस सिटीत कुणी म्हटलेलं मला तरी ऐकू आलं नाही. तीन सुपर बोलांची पुण्याई आहे. पण हीच लीग, हाच खेळ. आणखी दोन वर्षं अशी गेली तर सोमवार तिथंही येतोच.