बाबांच्या बुलेटचा बेंड पाइप

माहीमला आमच्या बिल्डिंगपासून समुद्र चालत पाच मिनिटांवर. खाली बाबांची साडेतीनशेची बुलेट उभी असते. तिचा बेंड पाइप, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतची वाकवलेली नळी, मी सहा वर्षांत दोनदा बदलला. दुसऱ्या खेपेला मात्र आधी धातू समजून घेतला.

मूळचा पाइप क्रोम केलेल्या लोखंडाचा. बाहेरून चकाचक, आणि सायलेन्सरकडच्या टोकाला बोटाने दाबलं तर बोट आत. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. माझी रोजची फेरी दादरपर्यंतचीच. इंजिनाकडचं टोक लगेच तापतं, मागचा भाग थंडच राहतो, वाफेचं पाणी तिथे साचतं आणि लोखंड आतून कुजतं.

मग एका दुकानातून 'एसएस'चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, बेंड आणला. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं. "चिकटत नाही बघा साहेब, प्युअर एसएस." एका पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडेने तपकिरी ओघळ आले. मशीनवर तपासून घेतलं तर निघालं 202 नंबरचं स्टेनलेस. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. लोहचुंबक त्यालाही चिकटत नाही आणि त्याहून चांगल्या 304 नंबरच्या स्टेनलेसलाही नाही. उलट गाड्यांच्या एक्झॉस्टला कंपन्या सर्रास वापरतात त्या 409 नंबरच्या स्टेनलेसला तो चिकटतो, आणि तो धातू या कामासाठी चांगला आहे. लोहचुंबकावर विसंबून पाइप घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

यावेळी मुंबईच्या धातूबाजारातून, गुलालवाडीतून, 304 एल आणला, 16 गेजचा, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर जाडीचा. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतीचा क्रमांक, पाइपवरच्या छापाशी जुळवून पाहिला. 'एल' म्हणजे कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत. वेल्डिंग करताना साधारण 425 ते 850 अंशांत स्टीलमधला कार्बन गंज रोखणाऱ्या क्रोमियमला ओढून घेतो, सांध्याजवळ क्रोमियम कमी पडतं आणि गंज तिथूनच शिरतो. कार्बनच कमी असला की हा धोका कमी. टर्बोच्या इंजिनाला टायटॅनियम मिसळलेलं 321 घ्यावं, रेसिंगवाले इनकोनेल या निकेलच्या मिश्रधातूपर्यंत जातात. आपल्या एका सिलिंडरला तेवढी आग सोसायची नसते. आपल्याला सोसायची असते खारी हवा.

वेल्डरकाकांना एकच विनंती केली : आर्गन वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गन, म्हणजे हवा दूर ठेवणारा वायू, सोडा. नाहीतर सांध्याची आतली बाजू जळून काळी, खरबरीत होते. काका म्हणाले, "गॅस जास्त लागेल." लागू दे म्हटलं.

बसवतानाही घाई केली नाही. अर्धा मीटर नळी 400 अंशांनी तापली तर 304 सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतं, साधं लोखंड पावणेतीनच्या आत. म्हणून सगळे नट आधी सैल ठेवले, नळी आपोआप जागेवर बसू दिली, मग इंजिनाकडचे आवळले आणि शेवटी सायलेन्सरचा क्लँप.

पाऊस सरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पाइप उतरवला. बाबा खाली आले, मोबाइलचा टॉर्च आत धरून बराच वेळ बघत राहिले. मग नळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बसव परत. रविवारी वसईला जाऊन येऊ."