हॅवलॉक पुलावरून उतरायचं कुठून?

आंध्रातल्या राजमहेंद्रीचा, गोदावरीवरचा हॅवलॉक पूल 1900 साली रेल्वेसाठी खुला झाला आणि 1997 मध्ये बंद पडला. तेव्हा शेजारी कमानींचा नवा पूल उभा राहिला होता, वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शननं बांधलेला. या बंद पुलावर लोकांना फिरता-बसता यावं म्हणून काय करता येईल, ते पाहायला आम्ही गेलो होतो. मी नाशिकची. रामकुंडापाशी हाकेच्या अंतरावर पैलतीर असलेली गोदावरी इथे ओलांडायला 56 गाळे, म्हणजे दोन खांबांमधले टप्पे, लागतात, हे पाहून मी थोडा वेळ नुसतीच उभी राहिले.

पूल माणसांचं वजन पेलेल का, हे सगळ्यांनाच आधी विचारायचं असतं. खरं तर दाट गर्दीचंही वजन मीटरमागे मालगाडीपेक्षा बरंच कमी भरतं. जपायचं असतं ते गंजापासून आणि तापण्यापासून. प्रत्येक गाळा सुमारे 45 मीटरचा. लोखंड 30 अंशांनी तापलं की तो दीड सेंटिमीटर लांबतो. त्याची ही हालचाल अडवून वर सलग काँक्रीट ओतलं, तर ते तडकणारच.

सोबत एक निवृत्त कीमन होते. नोकरीत असताना रूळ तपासत पुलावरून चालणारे. गाडी आली की बाजूला व्हायला गँगमनसाठी ठेवलेली जागा त्यांनी मला दाखवली आणि हिंदीत म्हणाले, "अम्मा, गाडी आली की आम्ही इथे सरकायचो. गर्दी आली तर माणसं कुठे सरकणार?"

माझ्या हातातल्या नकाशात उपाहारगृह आणि काचेचा सज्जा होता, तोही पुलाच्या बरोबर मध्यावर. तिथून कुठल्याही काठाला पोचायला सव्वा किलोमीटर चालायचं आणि मध्ये उतरायला जिना नाही. याच गावात 2015 च्या पुष्कराच्या, म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या गोदावरीच्या स्नानपर्वाच्या, पहिल्याच सकाळी घाटावर चेंगराचेंगरी झाली, 25 हून अधिक माणसं गेली. 2003 च्या सिंहस्थात आमच्या नाशकात 39 भाविक गेले होते. नदी एकच, चूकही तीच: माणसं आत येत राहतात आणि बाहेर पडायची वाट अरुंद असते.

कीमन दुपारी घरी गेले. मी थांबले आणि प्रत्येक खांबापाशी रुंदी मोजत गेले.

माणसांना थांबवून ठेवणारं जे जे असेल ते काठाकडे आणावं, मधल्या भागात फक्त सावली, पाणी आणि बाजूला बसायचे कट्टे असावेत, आधी शहराकडचे गाळेच उघडावेत आणि एका वेळी किती माणसं सोडायची ते दारावर ठरवावं, असं मी अहवालात लिहिलं. पुष्कराच्या बारा दिवसांत पूल बंद ठेवावा, हेही लिहिलं. बैठकीत यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. ऐन गर्दीच्या दिवसांत बंद ठेवायचा तर खर्च कशाला, असं काहींचं म्हणणं होतं. पुढचा पुष्कर 2027 मध्ये आहे. ती ओळ मी अजून काढलेली नाही.