गिट काय, गिट घे, गिट दे

आमच्याकडं माणसाचं पूर्ण नाव तहसीलच्या कागदावर आणि लग्नपत्रिकेत तेवढं असतं. एरवी ज्ञानेश्वरचा माऊली आणि बालाजीचा बाल्या. इतक्या सढळ हातानं टोपणनावं वाटणारे आम्ही मराठवाड्यातले लोक कॉम्प्युटरसमोर बसलो की मात्र गिटपुढं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामपुढं, दिवसभर ‘गिट स्टेटस’ (काय बदललंय ते दाखव), ‘गिट चेकआउट’ (दुसऱ्या फांदीवर ने) अशा कमांड अक्षर न अक्षर बडवत बसतो, याचं मला नवल वाटतं.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मंडळींना बिटकीपर हे अशाच नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट वापरायची सोय बंद झाली, म्हणून लिनक्सचा कर्ता लायनस टॉरवाल्ड्सनं एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. नाव रोमन लिपीत जेमतेम तीन अक्षरांचं, आतल्या कमांड मात्र ऐसपैस. त्याआधीच्या सबव्हर्जन या तशाच प्रोग्राममध्ये चेकआउट, कमिट, स्टेटससाठी सीओ, सीआय, एसटी ही छोटी रूपं घरचीच होती. गिटनं ते काम आपल्यावर सोडलं. टोपणनावाला तिथं ‘एलियस’ म्हणतात. ‘गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल’, पुढं ‘एलियस डॉट एसटी’, त्यापुढं ‘स्टेटस’. संपलं. (एसटी म्हटलं की मला लातूरची गाडीच आठवते, ही बोलावल्याबरोबर येते, एवढाच फरक.) ही टोपणनावं होम फोल्डरमधल्या डॉट गिटकॉन्फिग फाइलीत ‘एलियस’ या मथळ्याखाली जमा होतात. फाइल सरळ उघडून लिहिलं तरी चालतं.

संभाजीनगरच्या आमच्या ऑफिसात परभणीचा एक पोरगा आहे. त्याच्या स्क्रीनवर डोकावलो तर रोमनमध्ये लिहिलेलं, ‘गिट काय’. खाली नेहमीची स्टेटसची यादी, लाल-हिरवी.

“हे काय करायलास रे?”

“विचारायलो दादा, काय चाललंय म्हणून.”

पुलसाठी (इतरांचं काम ओढून घेणं) ‘घे’, पुशसाठी (आपलं काम तिकडं ढकलणं) ‘दे’, स्टॅशसाठी (अर्धवट काम बाजूला ठेवणं) ‘थांब’. उत्तर इंग्रजीतच येतं, पण विचारताना तरी तो आपल्या घरात असतो. त्याला ‘कमिट’ (बदल नोंदवून ठेवणं) या नावानंही काहीतरी वेगळं करायचं होतं, ते जमलं नाही. जी कमांड गिटमध्ये आधीच आहे, त्या नावाचा एलियस गिट मनावर घेत नाही. मला हे बरोबर वाटतं. गावात खरा माऊली असताना दुसऱ्याला ते नाव कशाला? शेलमधल्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या, एलियसला असला धाक नाही. ‘जीएस’ म्हणजे गिट स्टेटस असं तिथं ठरवलं, की त्याच नावानं चालणारं घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफ हाताळणारा प्रोग्राम) गुपचूप झाकलं जातं.

यानं वेळ वाचतो म्हणतात. वाचत असेल चार सेकंद. लाईट जायच्या बेतात असताना तेही उपयोगाचे, आणि कमिटला नेट लागत नाही हे आमच्यासारख्यांवर उपकारच. पण खरा फायदा मला दुसराच दिसतो. ‘लॉग डॅश डॅश ग्राफ डॅश डॅश वनलाईन डॅश डॅश ऑल’ एवढं लांबलचक कोण टाइप करतो? म्हणून कुणी इतिहास बघतच नाही. मी त्याला ‘झाड’ म्हणतो. ‘गिट झाड’ म्हटलं की कुठली फांदी कुठून फुटली आणि कुठं येऊन मिळाली, सगळं समोर. नाव छोटं झाल्यापासून मी येता-जाता ते बघतो.

अर्थात, दुसऱ्याच्या मशीनवर बसलो की आपला माऊली कुणाला ठाऊक नसतो. सर्व्हरवर ‘गिट झाड’ म्हणावं तर गिट सांगतं, अशी कमांडच नाही. तिथं पूर्ण नावच लागतं, म्हणून नवख्यांनी आधी ते पाठ करावं आणि मगच लाडात यावं.

छोटं करण्याचा हा सोस कुठवर न्यायचा, यावर आमचं मात्र जुळत नाही. ‘रीसेट डॅश डॅश हार्ड’ कमिट न केलेलं काम पुसून टाकतं. त्याला मी टोपणनाव दिलेलं नाही, देणारही नाही. फोर्स पुशचंही, म्हणजे बळजबरीनं ढकलण्याचंही, तेच. पोराचं म्हणणं वेगळं: नाव द्यावं, पण मोठं द्यावं. ‘फोर्स विथ लीज’ला त्यानं ‘देवाशप्पथ’ ठेवलंय. आपण शेवटचं फेच केल्यानंतर (तिथली खबर आणल्यानंतर) रिमोटच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक प्रतीच्या, त्या ब्रँचवर (फांदीवर) दुसऱ्या कुणी काही ढकललं असेल, तर हा पुश नकार देतो, साध्या फोर्ससारखा तुडवत जात नाही.

“आणि साधा फोर्स?” मी विचारलं.

“त्याला नाव ठेवलं नाही दादा. त्याला नुसतीच नावं ठेवायची.”